टाइप 1 मधुमेह असलेलं मूल अचानक ॲडमिट झालं तर या चुका टाळा

पावसाळ्यात पुण्यात उलट्या-जुलाब आणि डेंग्यूचा ताप घरोघरी असतो. 14-15 वर्षांचं एरवी धडधाकट पोर त्यातून चार दिवसांत उठतं. टाइप 1 मधुमेह (यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्या मुलाला मात्र त्याच दुखण्यात रातोरात दवाखाना गाठावा लागू शकतो. पुढचा गोंधळ बऱ्याचदा नव्या दुखण्याने होत नाही, रोजचं इन्सुलिन मध्येच कुठेतरी सुटल्याने होतो. ते नेमकं कुठे कुठे सुटतं, ते पाहू.

"काही खाल्लंच नाही, मग इन्सुलिन कशाला?"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जेवणाआधीचं इन्सुलिन खाण्यावर अवलंबून असतं, बेसल म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन मात्र तसं नसतं. पोट रिकामं असलं तरी यकृत साखर सोडत राहतं आणि आजारपणात ती जास्तच सोडतं. इन्सुलिन नसेल तर शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. यालाच डॉक्टर डीकेए म्हणतात. आजारपणात बेसलची मात्रा कमी-जास्त करावी लागेल, पण ते डॉक्टरांना फोन करून ठरवायचं. आपल्या मनाने बंद करायचं नाही.

दर दोन ते चार तासांनी शुगर बघा. ती 250 च्या वर गेली किंवा उलट्या सुरू झाल्या, की कीटोन तपासा. लघवीच्या पट्ट्यांची बाटली उघडल्यावर सहा महिन्यांनी टाकून द्यायची असते. अनेक घरांत दोन वर्षांपूर्वीची बाटली निघते आणि तिच्यावर विसंबून "कीटोन नाहीत" असं ठरवलं जातं. रक्तातले कीटोन मोजणारं मीटर असेल तर 0.6 च्या वर सावध व्हा, 1.5 च्या वर डॉक्टरांशी लगेच बोला, आणि 3 च्या वर थेट दवाखाना.

पोटदुखी आणि उलट्यांना "ॲसिडिटी झाली असेल" म्हणून मेडिकलमधून गोळी आणण्यात रात्र घालवू नका. खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, किंवा पाण्याचा घोटही न टिकणं, यातलं एकही दिसलं तरी निघा.

कुठे निघायचं हे मात्र आधीच ठरलेलं हवं. रात्री मुलांचा आयसीयू आणि बालरोगतज्ज्ञ कुठे असतात, 15-16 वर्षांच्या मुलाला तिथे मुलांच्या वॉर्डात घेतात की मोठ्यांच्या, हे एकदा चौकशी करून लिहून ठेवा. वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. मूल गुंगीत असेल तर दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका, 108 ला फोन करा. आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड बंद असतात. पेठेत राहणाऱ्यांनी नदीपलीकडचा एक पर्यायही हाताशी ठेवावा.

कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य चुकतं

"ताप आहे, उलट्या होताहेत" असं सांगितलं, की ड्यूटी डॉक्टर तापाच्या मागे लागतात. पहिलं वाक्य असं हवं: "टाइप 1 आहे, शेवटचं बेसल काल रात्री 9 वाजता, 16 युनिट." नुसतं "डायबेटिस आहे" म्हटलं तर ते टाइप 2 समजलं जाऊ शकतं, आणि टाइप 2 मध्ये इन्सुलिन काही तास थांबवणं चालून जाऊ शकतं. इन्सुलिनची नावं, मात्रा, वजन, शेवटचं एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आणि नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहा. त्याचा फोटो आई, बाबा आणि मुलाच्या स्वतःच्या फोनमध्येही हवा. जाडजूड फाइल रात्री दोन वाजता कोणी उघडत नाही.

"शुगर अजून 400 आहे, पटकन खाली आणा ना!"

डीकेएमध्ये घाई करणं घातक असतं. आधी सलाईन सुरू होतं, इन्सुलिनची ड्रिप साधारण तासाभराने लागते, आणि शुगर तासाला 36 ते 90 ने उतरली तर ते बरोबर चाललं आहे. उपचार चालू असताना मुलांच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर सावकाश जातात. तुमचं काम शुगरच्या आकड्यावरून भांडण्याचं नाही. डोकं दुखतंय, वाढतंय, मूल विचित्र बोलतंय किंवा नीट जागं होत नाहीये, हे दिसताच सिस्टरला हाक मारण्याचं आहे.

शुगर 250-300 पर्यंत आली की सलाईनमध्ये डेक्सट्रोज घालतात. "शुगरच्या पेशंटला साखर चढवली!" म्हणून इथे हमखास वाद होतो. पण कीटोन जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवायचं असतं, आणि तोवर शुगर फार खाली जाऊ नये म्हणून ती साखर लागते.

ड्रिपवरून इंजेक्शनवर येताना मात्र जरूर विचारा: "ड्रिप बंद करण्याआधी इंजेक्शन दिलं का?" ड्रिपचा परिणाम काही मिनिटांत संपतो. आधी ड्रिप काढली आणि इंजेक्शन दोन तासांनी मिळालं, तर कीटोन परत येतात. अपेंडिक्ससारख्या ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात तेव्हाही हाच प्रश्न: बेसलचं काय?

लाल टोपण, केशरी टोपण

आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीत 40 युनिटच्या असतात आणि इन्सुलिन पेनची कार्ट्रिज मिलीत 100 युनिटची. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी केशरी. घरी पेन वापरणाऱ्या मुलाला वॉर्डात बाटलीतून इन्सुलिन देतात तेव्हा अदलाबदल होऊ शकते. 40 ची बाटली आणि केशरी सिरिंज असेल तर 10 च्या जागी 4 युनिटच जातात. पेनच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने ओढलं तर 10 च्या जागी 25! म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसू देऊ नका. घरचं पेन आणि सुया सोबत न्या आणि ती वापरत असल्याची नोंद सिस्टरकडून करून घ्या. पेन बर्फाला टेकवून नेऊ नका, गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही.

वॉर्डातलं जेवण

इन्सुलिन आठला टोचलं आणि ताट नऊला आलं, की शुगर लो झालीच. साध्या रेग्युलर इन्सुलिननंतर अर्ध्या तासात आणि झटपट काम करणाऱ्या इन्सुलिननंतर 10-15 मिनिटांत जेवायचं असतं, म्हणून ताट दिसल्याशिवाय टोचू देऊ नका. 70 च्या खाली गेली आणि मूल शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी परत तपासा. भेटायला येणारे शहाळं आणि मोसंबी आणतात. दोन्हींत साखर आहे, हिशेबात धरा. मोसंबी सोललेल्या बोटाचं रीडिंग खोटं जास्त येतं, आधी साबणाने हात धुवायला लावा.

इन्सुलिनचा पंप असेल तर एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी तो काढावाच लागतो. अंगावर शुगर मोजणारा सेन्सर असेल तर त्याबद्दल तिथल्या तंत्रज्ञांना विचारा. पंप तास-दोन तासांहून जास्त काढून ठेवायचा असेल तर तेवढं इन्सुलिन इंजेक्शनने द्यावं लागतं.

सगळी उत्तरं आईनेच देणं

18 च्या आत सही पालकांची लागते, पण शरीर मुलाचं असतं. दोन दिवस इंजेक्शन चुकवलं, वजन कमी करायला मुद्दाम कमी घेतलं, मित्रांसोबत बिअर प्यायली, हे तो किंवा ती आई-बाबांसमोर सांगणार नाही. डॉक्टरांसोबत दहा मिनिटं एकट्याने बोलू द्या. बाहेर आल्यावर "काय सांगितलंस?" असं विचारू नका, नाहीतर पुढच्या वेळी तेही बंद होईल.

पैसे आणि डिस्चार्ज

विमा असेल तर ॲडमिट झाल्याचं टीपीए डेस्कला (दवाखान्यातलं विम्याचं काम पाहणारी खिडकी) लगेच, शक्यतो 24 तासांच्या आत कळवा. फॉर्मवर मधुमेह कधीपासून हे जुन्या कागदांशी जुळेल असंच लिहा; तारखांच्या फरकावरून क्लेम अडकतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचे मदतनीस बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटा, कारण बिल झाल्यावर फारसं काही करता येत नाही. धर्मादाय दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला विचारतात, तो आधीच काढून ठेवा.

डिस्चार्ज कार्डावर बदललेली मात्रा युनिटमध्ये आकड्याने लिहून घ्या, "पूर्वीप्रमाणे" नको. शाळा-कॉलेजसाठी एक प्रत मागून घ्या. "सकाळी सोडतो" म्हणतात, पण बिल आणि विम्याची मंजुरी होईपर्यंत दुपार उलटते. 2024 च्या नियमाने विमा कंपनीने शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची असते. तोवर सिस्टरने कागद बंद केलेले, घरी अजून पोचलेलो नाही, आणि दुपारचं इंजेक्शन दोघांच्या मध्येच राहून जातं. सकाळी डिस्चार्ज सांगितला, की लगेच ठरवून घ्या: दुपारची शुगर कोण बघणार, टोचणार कोण, आणि डबा कुठून येणार.