विद्यापीठाच्या गायकवृंदाचा इतिहास कसा लिहावा

गायकवृंदाचा एखादा मोठा वर्धापनदिन जवळ आला की स्मरणिका काढायचे ठरते आणि तिच्यातील इतिहासाचे प्रकरण कोणाच्या तरी गळ्यात पडते. हे प्रकरण बहुधा संचालकांची नावे आणि दौऱ्यांची वर्णने यांवरच आटोपते, कारण लेखक आजी-माजी सभासदांच्या आठवणींवर विसंबतो. विद्यार्थ्यांच्या वृंदात एक पिढी तीन-चार वर्षांचीच असते, त्यामुळे ‘पूर्वीपासून चालत आलेले’ या शब्दांचा अर्थ कधी शंभर वर्षे, तर कधी जेमतेम पाच वर्षे असतो. म्हणून मुलाखतींना हात घालण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत: हिशेबवह्या, सभांची इतिवृत्ते, सभासदांच्या नोंदवह्या आणि कार्यक्रमपत्रिका, साधारण याच क्रमाने.

हिशेबवह्यांना पहिला मान देण्याचे कारण असे की, हे लोक कोणासाठी गात होते आणि खर्च कोण करत होते, हे कळले की अर्धे रीतिरिवाज आपोआप उलगडतात. सहाव्या हेन्रीने १४४१ मध्ये केंब्रिजला किंग्ज कॉलेज स्थापन केले आणि त्याच्या नियमावलीतच सोळा बालगायकांची तरतूद केली. तिथे गायन हा चॅपेलमधील, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातील, उपासनेचा भाग होता. स्वीडनमध्ये मात्र उप्सालाचा ‘आल्मेन्ना सोंगेन’ हा वृंद (१८३०) आणि लुंडचा विद्यार्थी गायकवृंद (१८३१) हे विद्यार्थ्यांच्या सामाजिक जीवनातून उभे राहिले. दर १ मे रोजी सकाळी सहा वाजता ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा वृंद मनोऱ्यावरून लॅटिन स्तोत्र गातो, आणि लुंडचे विद्यार्थीही त्याच दिवशी विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून वसंताचे स्वागत करतात. तारीख एकच असली तरी मुळे वेगळी आहेत. केवळ तारखेवरून नाते जोडण्याचा मोह टाळावा. भाषेचा प्रश्नही याच टप्प्यावर तपासावा. हेलसिंकीत १८३८ पासून स्वीडिश भाषेत गाणारा विद्यार्थी गायकवृंद होता, तरीही १८८३ मध्ये फिनिश भाषेत गाण्यासाठी दुसरा वृंद निघाला, ही घटना संगीताइतकीच भाषिक अस्मितेचीही आहे.

पैसा आणि परंपरा यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते अमेरिकेतील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये सुरू झालेली ही संस्था पाच वर्षांत डबघाईला आली. तेव्हा तिचे कोषाध्यक्ष जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी निधी जमवायला बाहेर पडले. सुरुवातीच्या कार्यक्रमांत त्या काळी गोऱ्या श्रोत्यांना परिचित असलेली गीतेच प्रामुख्याने होती. गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीते गायकांना खाजगी आणि पवित्र वाटत, ती हळूहळू मंचावर आली आणि वृंदाची ओळख ठरली. १८७३ मध्ये हे गायक इंग्लंडच्या राणीसमोर गायले, आणि मिळालेल्या पैशातून विद्यापीठाची ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत उभी राहिली. फिस्कमध्ये ६ ऑक्टोबर आजही पाळला जातो. इतिहासकाराने येथे थांबून पाहायचे ते हे की, आज ज्याला आपण या वृंदाचा आत्मा म्हणतो, ते गाणे पहिल्या दिवशी कार्यक्रमात जवळपास नव्हतेच. आणि हे सभासदांच्या आठवणींतून नव्हे, तर जुन्या कार्यक्रमपत्रिकांतूनच कळू शकते.

म्हणून प्रत्येक रिवाजाची पहिली लेखी नोंद शोधावी. किंग्ज कॉलेजची नाताळातील ‘नऊ वाचने आणि कॅरोल’ (बायबलमधील नऊ उतारे आणि नाताळची गीते) ही उपासना ऐकताना मध्ययुगीन भासते. प्रत्यक्षात तेथील डीन एरिक मिल्नर-व्हाइट यांनी ती १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध संपल्यानंतर लगेच सुरू केली. तिचा आराखडाही त्यांचा नव्हता. तो १८८० मध्ये इंग्लंडमधील ट्रूरो येथे योजलेल्या उपासनेवरून घेतलेला होता. १९२८ मध्ये बीबीसीने ती प्रसारित केली आणि रेडिओमुळे ती जगभर पोहोचली. एकाच परंपरेची ही तीन वर्षे आहेत, आणि तिन्ही वेगळी लिहावीत.

‘सर्वांत जुना’ हे विशेषण मी शक्यतो वापरत नाही. वापरायचेच असेल तर स्थापनेचे वर्ष, सध्याचे नाव पडल्याचे वर्ष आणि मध्ये वृंद बंद पडला असल्यास तो काळ या तिन्ही बाबी सांगाव्यात. हार्वर्ड (१८५८), मिशिगन (१८५९) आणि येल (१८६१) येथील ग्ली क्लब (विद्यार्थ्यांचे गायकवृंद) इतक्या जवळच्या काळातले आहेत की, व्याख्या जराशी बदलली तरी वाद उभा राहतो.

यानंतर गायनाचा विषय घ्यावा. वर्षवार गीतांचा तक्ता केला की वळणे दिसू लागतात. हार्वर्डमध्ये संचालक आर्चिबाल्ड डेव्हिसन यांच्या काळात कॉलेजची हलकीफुलकी गाणी मागे पडून जुने धार्मिक आणि अभिजात संगीत पुढे आले, आणि १९२१ मध्ये तो वृंद युरोपच्या दौऱ्यावर गेला. येलने १९६९ मध्ये पदवीच्या वर्गांत स्त्रियांना प्रवेश दिल्यानंतर तेथील पुरुषांचा वृंद मिश्र झाला. अशा वेळी केवळ टेनर आणि बास (पुरुषांच्या उंच आणि खालच्या पट्टीच्या) आवाजांसाठी रचलेल्या गीतांचे काय झाले, हे मुद्दाम शोधावे. गाण्याच्या पद्धतीचीही नोंद घ्यावी. आंद्रेआ वेनेरासिओन यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेला फिलिपीन्स विद्यापीठाचा मॅड्रिगल (अनेक आवाजांत गायचे जुने युरोपीय गीत) वृंद अर्धवर्तुळात बसून, समोर संचालक उभा न करता गातो. या पद्धतीचा उल्लेख न करता त्याने १९९७ आणि २००७ मध्ये मिळवलेला युरोपियन ग्रँड प्री हा गायकवृंदांच्या स्पर्धेतील पुरस्कार नोंदवला तर इतिहास अपुरा राहील.

शेवटी ग्रंथालयातील जुन्या स्वरलिपीच्या प्रती उघडाव्यात. श्वास कोठे घ्यायचा, कोणता शब्द गाळायचा, कोणते कडवे दोनदा म्हणायचे, याच्या पेन्सिलीने केलेल्या खुणा तिथे सापडतात. वेगवेगळ्या वर्षांच्या प्रती शेजारी ठेवून त्या खुणांची छायाचित्रे घ्यावीत आणि मगच माजी सभासदांना भेटायला जावे, कारण स्वतःच्या हस्ताक्षरातील खूण समोर ठेवली की माणूस नेमके सांगू लागतो.