कामाच्या जागी प्रथमोपचार प्रशिक्षण ठरवताय? या चुका टाळा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या आमच्या मासळीच्या शेडमध्ये पहिलं प्रशिक्षण झालं तेव्हा चाळीस माणसं, सरावाला एक पुतळा आणि दोन तास पडद्यावरची चित्रं, असा मामला होता. सर्टिफिकेटं वाटली, चहा-वडा झाला. महिनाभरात एका मावशींच्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा घुसला. हात सुजला, कळ खांद्यापर्यंत गेली. आम्ही बर्फात वावरणारी माणसं. हाताशी होता तो बर्फच लावला.

नेमकं उलटं! शिंगाळा असो की पाकट, काट्याचं विष उष्णतेने निकामी होतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांच्या वर नाही, आणि आधी आपला हात बुडवून बघायचा) तो भाग अर्धा ते दीड तास ठेवला की कळ उतरते. मग दवाखाना: तुकडा आत राहिलाय का ते बघायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी. शहरातल्या ऑफिसांसाठी बेतलेल्या कोर्सात हे कुठून येणार?

आम्ही कोर्स आधी ठरवला आणि धोक्यांचा विचार नंतर केला, ही मुख्य चूक. फोन फिरवण्याआधी मागच्या दोन-तीन वर्षांत कुणाला काय झालं ते लिहून काढा. अपघातांची वही नसेल तर मुकादमाला विचारा, त्याला सगळं आठवतं. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची गळती, काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने भाजलेली बोटं, चिऱ्याच्या खाणीवर फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप. यादी प्रशिक्षकापुढे ठेवा आणि एक प्रश्न विचारा: फुरसं चावलं तर काय कराल? ‘वर घट्ट दोरी बांधायची’ असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. माणसाला चालू द्यायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या आणि सर्पविषावरची लस असलेलं रुग्णालय गाठायचं, एवढं त्याला झोपेतही सांगता यायला हवं.

होडीवर माणसं पाठवत असाल तर आणखी एक बघा. हल्ली काही ठिकाणी फक्त छाती दाबायला शिकवतात. रस्त्यात अचानक कोसळलेल्या माणसाला तेवढं केलं तरी मोठी मदत होते. पण बुडालेल्याचं हृदय थांबतं ते श्वास कोंडल्यामुळे. तिथे आधी तोंडाने श्वास द्यावे लागतात, मग ३० दाब आणि २ श्वास असा क्रम. मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असा दाब. बुडालेल्याला खांद्यावर उलटा टाकून पोटातलं पाणी काढायची खोड आमच्या जुन्या तांडेलांच्या (होडीवरच्या म्होरक्यांच्या) हाडीमाशी आहे. ती मोडण्याइतका वेळ कोर्समध्ये आहे का, ते विचारा. एका पुतळ्यावर चाळीस जण, तर नाहीच.

शिकवायचं कुणाला? आम्ही क्लार्कला पाठवलं, कारण तो मोकळा होता. तो दहाला येतो, मासळी पहाटे उतरते. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी सांगितली, आणि ती सांभाळणारा माणूस कामाच्या वेळात हजर हवा असंही सांगितलं. आपण पेट्या तेवढ्या मोजतो. प्रत्येक पाळीत निदान दोघं तयार करा. नेपाळी खलाशी असतील तर हिंदीतून शिकवणारा बघा. मराठीला ते नुसती मान डोलवतात.

तारीख १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत धरा, होड्या वर ओढलेल्या असतात.

प्रशिक्षण आधीच उरकलं असेल तर एखाद्या सकाळी एकाला न सांगता जमिनीवर आडवं व्हायला लावा. कोण पुढे येतं, १०८ चं नाव कोण काढतं, घड्याळ लावून बघा. आमच्याकडे पेटी उघडायलाच चार मिनिटं गेली. किल्ली वॉचमनच्या खिशात आणि वॉचमन चहाला. तेव्हापासून पेटीला कुलूप नाही. चिकटपट्ट्या चोरीला जातात, जाऊ देत.