दवाखान्यात जाण्याआधीची पिशवी

अमळनेरच्या एका कृषी सेवा केंद्रात मी एकोणीस वर्षांपासून उधारीची वही लिहितो. "भाऊ, कितला पैसा लागतीन?" हा प्रश्न मला जून महिन्यात कपाशीच्या बियाण्यासाठी ऐकायची सवय. हल्ली रात्री-अपरात्री फोनवर तोच प्रश्न दवाखान्यासाठी येतो. कारण आमच्या घरात तीन वर्षांत दोन मोठे आजार झाले. पहिल्यात आम्ही बावळटासारखे वागलो, दुसऱ्यात जरा शहाणे झालो होतो.

पहिला आबांचा. २०२२ चा ऑगस्ट, रात्रीचे दहा. छातीत कळ आली, घामाने बंडी भिजली, शेजाऱ्याच्या गाडीत घालून मोठ्या शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. काउंटरवर मोठा भाऊ म्हणाला, "पैशाचं बघू, आधी आत घ्या." पन्नास हजार डिपॉझिट भरलं, पुढ्यात आला त्या कागदावर सही केली. ॲन्जिओप्लास्टी झाली, आबा वाचले. तिसऱ्या दिवशी चहाला जाताना जिन्याखाली एक टेबल दिसलं, आरोग्यमित्राचं, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य या सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं काम बघणाऱ्याचं. दवाखाना योजनेत होता! आमच्याकडे केशरी रेशनकार्डही होतं. तो पोरगा हळहळला, म्हणाला, "काका, योजना कॅशलेस आहे, भरलेले पैसे परत मिळत नाहीत." बिल एक लाख शहाऐंशी हजार. आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या.

म्हणून सही करण्याआधी, पैसे काढण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का? आणि *हा* आजार या दवाखान्याला योजनेत आहे का? दुसरा प्रश्न लोक विसरतात. एखाद्या दवाखान्याला हृदयाची मान्यता असते, कॅन्सरची नसते. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा, नाहीतर तिथेच उभं राहून १५५३८८ ला फोन लावा. पेशंट अत्यवस्थ असेल तर एकाने पेशंटजवळ थांबायचं, दुसऱ्याने आरोग्यमित्र गाठायचा. कागद मागून आणून दिले तरी चालतात, पण पेशंट योजनेतला आहे हे पहिल्याच तासात सांगितलेलं बरं.

ही योजना तशी जुनी. २०१२ च्या जुलैत पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळं होतं. जळगावात आली २०१३ च्या नोव्हेंबरात. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाख. आता मर्यादा ५ लाख आहे आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही मिळते. हे कार्ड असलेल्या कित्येकांना अजून ठाऊक नाही, "आपलं पांढरं, आपल्याला काय मिळणार" म्हणून ते विचारतसुद्धा नाहीत. पॅकेजमध्ये खाट, ऑपरेशन, औषधं, जेवण, दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर दहा दिवसांची औषधं असं सगळं येतं. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. आबांचं आता काढून ठेवलंय.

दुसरा आजार वहिनीचा, स्तनाचा कॅन्सर. या वेळी योजना ठाऊक होती, तर अडलं भलतीकडेच. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या रेशनकार्डावर! तिकडून कमी करायचं, इकडे चढवायचं, त्यात आधारवर स्पेलिंग वेगळं. तहसीलच्या पुरवठा विभागात भावाने चार खेपा घातल्या. घरात सगळे ठणठणीत असताना एका रविवारी कार्ड उघडून बघा. सुना आहेत का, लहान पोरं आहेत का, आधारशी नावं जुळतात का. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. हे सगळं, झेरॉक्सच्या तीन-तीन प्रती आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एका प्लास्टिकच्या पिशवीत. आमची पिशवी खताच्या कंपनीची आहे, दाराआड खिळ्याला टांगलेली.

योजनेत गेलो म्हणजे खिशाला हात लागत नाही असं नाही. निदान होईपर्यंतची सोनोग्राफी, बायोप्सी बहुतेक आपल्याच पैशाने होते. ती शक्यतो सिव्हिलला किंवा सरकारी मेडिकल कॉलेजला करा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे कॉलेज आहे. रांग असते. पण रांगेत गेलेला दिवस आणि वाचलेले पैसे एकदा मांडून बघा.

योजनेबाहेर जावंच लागलं तर लेखी अंदाजपत्रक मागा. तोंडी आकडा घेऊ नका, "लाख-दीड लाख" हा आकडा नव्हे. खोलीचं भाडं रोजचं किती, आयसीयूचं किती, अंदाजात औषधं धरली आहेत की नाहीत, हे त्यावर लिहून घ्या. आणि दर संध्याकाळी आजपर्यंतचं बिल विचारा. आबांच्या वेळी मी त्यांना घरी सोडलं त्या दिवशी पहिल्यांदा सगळी पानं बघितली. हिशेबाचा माणूस, सवयीने बोट ठेवत गेलो. दोन दिवसांत हातमोजांच्या चौसष्ट जोड्या. एकाच तारखेला तीच रक्ततपासणी दोनदा. शांतपणे विचारलं, आवाज चढवला नाही. अर्ध्या तासात चार हजार दोनशे कमी झाले. रोजच्या रोज बघितलं असतं तर आणखी झाले असते. स्टेंटचं, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीचं, तर वेगळंच बघायचं: सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली आहे. बिलात स्टेंटचं नाव, कंपनी आणि किंमत वेगळी दाखवलेली हवी, खोक्यावरचं स्टिकर फाइलला लावलेलं हवं.

दवाखाना ट्रस्टचा असेल तर आणखी एक दार आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. या खाटांची पाटी कोपऱ्यात असते, ती शोधा, तिथल्या समाजसेवकाला भेटा. खाट नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. उपचार महाग आणि कुठेच बसत नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज. खाजगी दवाखान्याचं अंदाजपत्रक सिव्हिल सर्जनकडून प्रमाणित करून लावावं लागतं. उपचार संपल्यावर धावाधाव करू नका, दाखल झाल्याबरोबर अर्ज टाका.

ज्यांनी विमा काढलाय त्यांनी पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा फक्त बघा. रोजची मर्यादा ३ हजार असेल आणि तुम्ही ६ हजारांची खोली घेतली, तर नुसते वरचे तीन हजार जात नाहीत. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं यांतही कंपनी त्याच प्रमाणात कापते. औषधं, स्टेंट अशा गोष्टी त्यातून सुटतात. एसी खोलीचा मोह असा अंगाशी येतो.

वहिनीच्या वेळी वहीत सगळ्यात मोठा आकडा निघाला तो जाण्या-येण्याचा. पहिल्या दोन खेपा आम्ही जीप करून मुंबईला गेलो, प्रत्येक वेळी नऊ हजार. मग वॉर्डातल्या एका भुसावळच्या बाईने सांगितलं की कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं रेल्वेत पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला पाऊण भाडं माफ. दवाखान्यातून ठराविक नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढायचं. तिसऱ्या केमोला आम्ही जळगावहून रात्रीच्या गाडीने गेलो.