जुनी जॅझ एलपी: पारखायची, धुवायची आणि वाजवायची कशी

१९५० आणि ६० च्या दशकांतली अमेरिकन जॅझ एलपी हातात आली की आधी कव्हर बाजूला ठेवा. कव्हरवरचं चित्र आणि कॅटलॉग नंबर वर्षानुवर्षं तेच राहतात. त्याच नंबराची एलपी १९५८ मध्ये छापलेली असू शकते आणि १९७३ मध्येही, आणि दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. छपाई कुठली हे कळतं डेडवॅक्सवरून, म्हणजे शेवटची खाच संपते तिथपासून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यावरून. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की तिथली कोरलेली आणि ठोकलेली अक्षरं दिसतात.

सगळ्यांत जास्त मागणी ब्लू नोट या कंपनीच्या एलपींना आणि सगळ्यांत जास्त गोंधळही तिथेच. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची खूण आधी शोधा. सुरुवातीच्या तबकड्यांवर हाताने कोरलेलं ‘आरव्हीजी’ असतं, पुढे तेच ठोक्याने उमटवलेलं, आणि त्यानंतर पूर्ण ‘व्हॅन गेल्डर’. ही खूण असेल तर लॅकर (छपाईचे साचे बनवण्यासाठी कापतात ती मूळ चकती) त्यांनी स्वतः कापलं आहे. दुसरी खूण ‘कान’: तिरक्या इंग्रजी पी अक्षरासारखी दिसणारी बारीक आकृती. ती प्लास्टीलाइट या छपाई कारखान्याची. लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यावर १९६६ मध्ये तिथली छपाई थांबली, म्हणून कान म्हणजे जुनी छपाई. लेबलवरचा पत्ता या दोन्हींच्या मागाहून बघायचा: लेक्सिंग्टन ७६७, मग ४७ वेस्ट ६३, मग नुसतं ‘न्यूयॉर्क यूएसए’.

पत्त्याला मागे टाकायचं कारण साधं आहे. छापून ठेवलेली लेबलं संपेपर्यंत वापरली जायची. त्यामुळे एका बाजूला एक पत्ता आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असंही सापडतं. लिबर्टीच्या काळातही शिल्लक ‘न्यूयॉर्क यूएसए’ लेबलं वापरली गेली. विकणारा ती ‘ओरिजिनल’ म्हणून खपवतो, पण कान नसतो. अशी एलपी टाकाऊ मात्र समजू नका. कान नाही पण ‘व्हॅन गेल्डर’ आहे, तर मूळ कापणी तीच. आवाज बराच जवळचा आणि किंमत पुष्कळ कमी. ऐकण्यासाठी घेणाऱ्याने नेमकी हीच शोधावी.

ब्लू नोटच्या मोनो आणि स्टिरिओ नंबरांचं नातं लक्षात ठेवलं की यादी वाचणं सोपं जातं: मोनो ४००३, तर तिचीच स्टिरिओ ८४००३. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ मध्ये. त्याआधीच्या मोनो मुद्रणावर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड’ असं लिहिलेलं दिसलं तर खुशाल परत ठेवा. एकाच आवाजाचे दोन तुकडे करून, एका बाजूला मंद्र आणि दुसऱ्या बाजूला तार ढकलून केलेलं ते नकली स्टिरिओ आहे.

कोलंबिया कंपनीच्या लेबलवर कडेला सहा ‘डोळे’ असतील तर छपाई साधारण १९५५ ते ६२ मधली. डेडवॅक्सवरचं ‘१ए’ बघून मात्र हुरळू नका. एकाच वेळी अनेक लॅकर कापून वेगवेगळ्या कारखान्यांना पाठवली जात, त्यामुळे १ए ही १सी च्या आधीच छापली असं म्हणता येत नाही. इम्पल्सची नारिंगी-काळी लेबलं १९६० च्या दशकातली. प्रेस्टिजचं पिवळं लेबल न्यूयॉर्कच्या पत्त्याचं असेल तर जुनं, बर्गनफील्ड, न्यू जर्सी असेल तर नंतरचं. या नंतरच्यांतल्या काही तबकड्या दिसायला चकचकीत असून वाजवताना सतत सरसरतात. संग्राहक त्याचं खापर पुन्हा वितळवून वापरलेल्या व्हायनलवर फोडतात. ती सरसर धुऊन जात नाही.

पहिली छपाईच हवी, हा हट्ट संग्रहासाठी ठीक, ऐकण्यासाठी नव्हे. जपानच्या किंग कंपनीने १९७७ ते ८३ मध्ये छापलेल्या ब्लू नोट फार शांत वाजतात. २०१९ पासून निघणारी ब्लू नोटची टोन पोएट मालिका मूळ टेपवरून कापलेली आहे. प्रेस्टिज, रिव्हरसाइड, कंटेम्पररी या कंपन्यांच्या एलपींसाठी १९८० च्या दशकातली ओजेसी (ओरिजिनल जॅझ क्लासिक्स) मालिकेतली पुनर्मुद्रणं स्वस्त आणि भरवशाची. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये तर पहिल्या छपाईतच खोट आहे. पहिल्या बाजूचं मुद्रण होताना टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे ती बाजू थोडी चढ्या पट्टीत वाजते. १९९२ नंतरच्या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. सोबत वाद्य घेऊन बसणाऱ्याने त्यांपैकीच एक घ्यावी.

घेण्याआधी

एकाच प्रखर दिव्याखाली तबकडी तिरकी धरून फिरवा. केसासारखे वरवरचे ओरखडे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा आडवा ओरखडा मात्र दर फेरीला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, ‘टक’ करणार. खाचेच्या दिशेने गेलेला ओरखडा त्याहून वाईट. तिथे सुई अडकते किंवा उडी मारते. छिद्राभोवती लेबलवर पांढऱ्या रेघांचं जाळं असेल तर ती भरपूर वाजलेली आहे.

खरा धोका ओरखड्यांचा नाही, झिजेचा आहे. त्या काळातली जड कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि बोथट सुया खाचांच्या भिंती खाऊन टाकत. अशी तबकडी चकचकीत दिसू शकते, फार तर मोठ्या आवाजाच्या जागी करडी झाक दिसते. वाजवल्यावर ट्रम्पेट जोरात गेला की आवाज फाटतो, विशेषतः बाजूच्या शेवटी. कारण बाहेरच्या खाचेत सुई सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच वाचते आणि आतल्या खाचेत जेमतेम २१. तेवढाच नाद कमी जागेत कोंबलेला असतो. म्हणून ऑनलाइन घेताना दोन गोष्टी मागा: दोन्ही डेडवॅक्सचे फोटो, आणि बाजूच्या शेवटच्या दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण. ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस) हा दर्जा नुसता बघून दिलाय की वाजवून, हेही विचारा. नुसता बघून दिला असेल तर एक पायरी खाली धरा.

धुणं

आधी कार्बन फायबरच्या ब्रशने सुकी धूळ काढा. धूळ तशीच ठेवून पाणी लावलं तर चिखल खाचेत बसतो. मग डिस्टिल्ड पाणी चार भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, आणि लिटरला फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणाऱ्या द्रवाचे) काही थेंब. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन खाचेत राहतं. बोअरचं पाणीही नको, सुकल्यावर क्षार उरतात. एका बाजूला १५ ते २० मिली पुरे. लेबल सोडून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, दोन मिनिटं थांबा, मायक्रोफायबरने टिपा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसऱ्यांदा, दुसऱ्या फडक्याने. हा दुसरा हात टाळला तर विरघळलेला मळ तिथेच वाळतो आणि ‘धुतल्यावर जास्त खरखरायला लागली’ अशी तक्रार येते. उभी ठेवून पूर्ण वाळल्याशिवाय वाजवू नका.

वाजवणं

मोनो एलपीत संगीत फक्त सुईच्या आडव्या हालचालीत असतं. उभी हालचाल म्हणजे धूळ, झीज आणि घरघर. स्टिरिओ कार्ट्रिज दोन्ही उचलतं. ॲम्पवरचं मोनो बटण दाबलं की दोन्ही चॅनेल मिसळतात, उभी हालचाल एकमेकींना खोडते आणि खरखर एकदम खाली जाते. बटण नसेल तर दोन वाय केबल (एकाचे दोन फाटे होणाऱ्या) पाठीला पाठ लावून जोडा, पण टर्नटेबल आणि फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र) यांच्या मध्ये. प्रीॲम्पच्या पुढे जोडल्या तर दोन आउटपुट एकमेकांवर आदळतात. मोनो एलपी खूप असतील तर वेगळं मोनो कार्ट्रिज घ्या. १९५० च्या दशकातल्या रुंद खाचांना २५ मायक्रॉनची गोल सुई चांगली बसते.

सुईवरचं वजन अंदाजाने लावू नका, डिजिटल काटा वापरा. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ला २ ग्रॅम. कमी वजन जपणूक करतं हा गैरसमज आहे: सुई खाचेत नाचते आणि भिंतींवर आपटून त्या जास्त खराब करते.

अमेरिकेतून जुनं टर्नटेबल आणणाऱ्यांसाठी एक सूचना. नुसता ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. जुन्या मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. तिथे ६०, आपल्याकडे ५०. मग ३३⅓ ची तबकडी २७.८ ने फिरते आणि टेनर सॅक्सोफोन बॅरिटोन वाटू लागतो. ५० हर्ट्झची पुली मिळते का, ते आधी बघा.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोव्यात बुरशी हा मोठा शत्रू. ती व्हायनल खात नाही, पण बोटांच्या चिकट ठशांवर, कागदी पिशवीत आणि लेबलवर वाढते. धुतलेली तबकडी जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका. पॉलिथिनच्या पिशवीत घाला आणि जुनी पिशवी कव्हरमागे वेगळी जपा, काळ ठरवायला उपयोगी पडते. कव्हरला पीव्हीसीचं जाड प्लास्टिक नको. दमट हवेत ते घाम सोडतं आणि तबकडीवर धुकट डाग उमटतो, जो निघत नाही. एलपी उभ्याच ठेवा. शंभर एलपी म्हणजे २५ ते ३० किलो, फळी तशी मजबूत हवी. भिंतीला टेकवू नका, आणि सिलिका जेल जून ते सप्टेंबर दर महिन्याला तापवून पुन्हा वापरा.

चोर बाजारात किंवा गोव्यातल्या जुन्या घरांत इथल्याच जॅझच्या तबकड्या हाती लागतात: सी. रामचंद्रांबरोबर काम केलेले आल्दोनाचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, किंवा १९४० च्या दशकात कलकत्त्यात मुद्रण केलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड. या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्या. वरचा धुण्याचा नुस्खा त्यांना चालत नाही, अल्कोहोल लाख विरघळवतं. नुसतं डिस्टिल्ड पाणी, वेटिंग एजंटचा थेंब, आणि लगेच पुसणं. सुईही वेगळी, साधारण ७५ मायक्रॉनची, कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेल्या जास्त वजनावर. एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासते आणि फक्त खरखर ऐकवते. काठाला केसभर तडा असेल तर तो खाचांपर्यंत पोचलाय का ते बघा. पोचला नसेल तर वाजवता येते; पोचला असेल तर सुई मोडण्याआधी बाजूला काढा.