गाव सुशोभीकरणासाठी सरकारी निधी कसा मिळवावा

एसटी स्टँडमागचा उकिरडा हटवायचा, तिथे झाडं लावायची, दोन बाकं आणि एक घसरगुंडी बसवायची, एवढीच आमची मागणी. फाइल दोनदा परत आली. निधी शिल्लक होता, पण ग्रामसभेच्या ठरावात जमिनीचा गट नंबरच नव्हता. म्हणून जागेपासूनच सुरुवात करू.

आधी जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा. गावठाणातली असेल तर नमुना ८ चा उतारा किंवा मिळकत पत्रिका काढा, बाहेरची असेल तर सातबारा. उताऱ्यावर ‘सरकार’ किंवा ‘गायरान’ दिसलं की थांबा, कारण तिथे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती लगेच मिळत नाही. रस्त्याकडेची पट्टी बांधकाम विभागाची निघू शकते, शाळेचं पटांगण जिल्हा परिषदेचं. ना-हरकत दाखला आधीच मागा. एखाद्या दादांनी ‘घ्या की, आपलीच आहे’ म्हणून जागा दिली असेल, तर बक्षीसपत्र नोंदवून घ्या. दादा भलेच असतात, पण उद्या मुलं वाटणीला बसली की बाकं उपटायची वेळ येते.

मग ग्रामसभा. विषय नोटिशीवर यायला हवा, म्हणून ग्रामसेवकांकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) लेखी द्या; सात दिवस आधी नोटीस निघते. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल ते. ठरावात ‘गाव सुंदर करणे’ असलं मोघम काही नको. असं लिहून घ्या: ‘गट नं. अमुकमधील १० आर क्षेत्रावर बालोद्यान विकसित करणे, तारेचे कुंपण, बाके व वृक्षलागवड करणे. देखभाल ग्रामपंचायत स्वनिधीतून करील.’ खाली सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, तारीख. देखभालीचं वाक्य गाळू नका, वरचे साहेब आधी तेच शोधतात.

अंदाजपत्रक शाखा अभियंता करतो. त्याला जागेवर घेऊन जा, टेप धरायला दोन पोरं बरोबर द्या. दर शासनाच्या दरसूचीप्रमाणेच लागतात, ओळखीच्या गवंड्याचा आकडा तिथे चालत नाही. उकिरड्याचे फोटो याच वेळी काढा, जिओ-टॅगसकट.

आता निधी कुठून? केंद्राच्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशातून करायचं तर काम गावाच्या विकास आराखड्यात असलंच पाहिजे. हा आराखडा दरवर्षी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो, त्यामुळे पुढच्या वर्षाची मागणी १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच मांडलेली बरी. पंधराव्या आयोगाने मूळ अनुदानातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. बाकं-झाडांना उरलेल्या ४० टक्के अबंधितातूनच वाट होती.

दुसरा मार्ग आमदार निधीचा, वर्षाला पाच कोटींचा. खासदारांचाही तेवढाच, पण तो अख्ख्या लोकसभा मतदारसंघासाठी. आमदार फक्त शिफारस करतात. मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते. तिसरा मार्ग ग्रामविकास खात्याचं ‘२५१५’ लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं खर्चाचं खातं. तालुक्यात नुसतं ‘पंचवीस पंधरा’ म्हटलं तरी कळतं. तिथेही लोकप्रतिनिधींचं पत्र लागतंच.

पत्रासोबत ठराव, उतारा, अंदाजपत्रक, फोटो आणि ‘हे काम अन्य योजनेतून झालेले नाही’ असा दाखला जोडा. पोच शिक्क्यासकट घ्या आणि आवक क्रमांक फोनमध्ये टिपून ठेवा. तो सांगितला की टेबलावरचा माणूस फाइल निदान शोधतो तरी.

तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश हातात येईपर्यंत फावडं लावू नका. आधी केलेल्या कामाचं बिल निघत नाही. निवडणूक जवळ असेल तर घाई करा, आचारसंहितेत नवी कामं अडकतात.

आमच्या स्टँडमागे बाकं अजून आहेत. झाडं पहिल्याच मे महिन्यात वाळली. अंदाजपत्रकात पाण्याची तोटी लिहायला विसरलो होतो.