बलाची गणिते: सूत्राआधी आकृती

गती आणि बलाच्या गणितांत विद्यार्थी अडतात ते बहुधा आकडेमोडीपाशी नव्हे, तर वस्तूवर नेमकी कोणती बले लागली आहेत हे ठरवताना. म्हणून गणित वाचून होताच सूत्राकडे धाव घेऊ नये. आधी एकच वस्तू निवडावी, ती ठिपक्याने दाखवावी आणि तिच्यावर बाहेरून लागणारे प्रत्येक बल बाणाने काढावे. प्रत्येक बाणापाशी ते बल कोण लावते आहे हे लिहावे: पृथ्वी, जमीन, दोरी, हवा. ज्या बाणाला असा धनी सापडत नाही, तो खोडून टाकावा. मला विचाराल तर या प्रकरणातील सर्वांत मोलाची सवय हीच आहे.

समजा, सपाट जमिनीवर स्थिर असलेले 10 किलोग्रॅमचे खोके दोरीने 30 न्यूटन बलाने आडवे ओढले जात आहे आणि सरकताना त्याच्यावर 20 न्यूटन घर्षण लागते. पृथ्वी त्याला सुमारे 98 न्यूटन बलाने खाली खेचते आणि जमीन तेवढ्याच बलाने वर रेटते, त्यामुळे उभ्या दिशेचा हिशेब शून्यावर येतो. आडव्या दिशेत 30 मधून 20 वजा जाऊन 10 न्यूटन उरतात. या निव्वळ बलाला वस्तुमानाने भागले की त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, 1 मीटर प्रति सेकंद वर्ग मिळते. 3 सेकंदांनंतर वेग 3 मीटर प्रति सेकंद होतो आणि तोवर खोके साडेचार मीटर सरकलेले असते.

आता याच क्षणी ओढ 20 न्यूटनपर्यंत कमी केली तर काय होईल? खोके थांबेल, असे उत्तर पुष्कळ जण देतात, कारण गती टिकवायला जास्तीचे बल लागतेच अशी आपली रोजच्या अनुभवातून बनलेली समजूत असते. प्रत्यक्षात निव्वळ बल शून्य झाल्यामुळे फक्त त्वरण शून्य होते आणि खोके त्याच 3 मीटर प्रति सेकंद वेगाने सरकत राहते. दोरी अगदीच सैल सोडली, तर एकटे घर्षण उरते, त्वरण उलट दिशेने 2 मीटर प्रति सेकंद वर्ग होते आणि दीड सेकंदात, सव्वादोन मीटर सरकून, खोके थांबते. बल वेग ठरवत नाही, वेगातील बदल ठरवते, हे न्यूटनने 1687 साली मांडलेल्या नियमांचे मर्म या तीन टप्प्यांत डोळ्यांसमोर उभे राहते.

हीच कसोटी वर फेकलेल्या चेंडूला लावावी. हात सुटल्यावर चेंडूला वर ढकलणारे कोणीही उरत नाही. हवेचा विरोध सोडला तर आकृतीत खाली जाणारा एकच बाण येतो. सर्वोच्च बिंदूवर वेग क्षणभर शून्य असतो, पण त्वरण तेथेही 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्याच दिशेने.

गणितातील शब्दही नीट वाचावेत: 'गुळगुळीत पृष्ठभाग' म्हणजे घर्षण नाही, 'एकसमान वेग' म्हणजे निव्वळ बल शून्य. ताशी किलोमीटर दिले असतील तर 3.6 ने भागून घ्यावे. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर.

न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की एक वस्तू दुसरीवर बल लावते तेव्हा दुसरीही पहिलीवर तेवढेच, उलट दिशेचे बल लावते. ही जोडी ओळखताना मात्र विशेष जपावे. खोक्याचे वजन आणि जमिनीचा रेटा समान व विरुद्ध दिसतात, म्हणून त्यांना क्रिया-प्रतिक्रिया म्हटले जाते, आणि ते चूक आहे, कारण ही दोन्ही बले एकाच खोक्यावर लागतात. जोडीतील बले नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात: पृथ्वी खोक्याला खेचते, त्याची जोडी म्हणजे खोके पृथ्वीला खेचते, जमीन खोक्याला वर रेटते, त्याची जोडी म्हणजे खोके जमिनीला खाली दाबते. खोक्याच्या आकृतीत या जोड्यांतील दुसरा बाण कधीच येत नाही.