माडीच्या जुन्या सागवानी फळ्या घासून पुन्हा कशा चमकवायच्या

गावातला जुना वाडा दुरुस्त करायला काढला की पहिली कुऱ्हाड माडीवरच्या फळ्यांवर पडते. कोणी त्या उपटून विकते, कोणी वरून सिमेंट टाकून टाईल बसवते. दोन्ही करू नका भाऊ. आपल्याकडचं चांदा-बल्लारशाकडचं सागवान आहे ते, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दरवाज्यांसाठी इथूनच लाकूड गेलं, आणि आपण घरातलं काढून फेकून राहिलो. शिवाय टाईलचं वजन कड्यांवर, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या लाकडी तुळयांवर, येते आणि खालचं लाकूड पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते म्हणून टाईल तडकतेच.

काम दिवाळीनंतर होळीच्या आत करा. पावसाळ्यात लाकूड ओलं असते, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत पॉलिश ब्रशखालीच सुकते, त्याचे पट्टे दिसतात.

आधी तपासणी. फळ्यांवर माती-शेणाचा थर असेल तर तो पूर्ण काढा, पाणी ओतून धुवू नका, कोरडंच खरवडा. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन कड्यांची टोकं टोचून पाहा, जिथं कडी भिंतीत घुसली तिथं ओल धरते आणि उधई (वाळवी) तिथूनच चढते. स्क्रूड्रायव्हर लोण्यासारखा आत गेला तर आधी सुताराला बोलवा, कडी बदला, घासणं नंतर. जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकते, तो कोरडा घासू नका, रिमूव्हर लावून ओला असतानाच खरवडा आणि लेकरांना, गरोदर बाईला त्या घरात थांबू देऊ नका.

आता खिळे. एकूण एक खिळा पंचने लाकडाच्या आत ठोका, एक जरी वर राहिला तरी मशीनचा पट्टा फाटते. खालच्या खोलीतलं सामान काढा किंवा ताडपत्रीने झाका कारण तुमची माडीची जमीन म्हणजे खालच्या खोलीचं छत आहे, सगळा भुसा आणि नंतर पॉलिशचे थेंब फटीतून खालीच जातात.

मोठं ड्रम मशीन खेड्यात भाड्याने मिळणं कठीण, पण सुताराकडचा बेल्ट सँडर चालते. आधी ४० नंबरचा पेपर, मग ८०, शेवटी १२०. फळ्या वाकड्या झाल्या असतील तर पहिला हात थोडा तिरपा मारा, त्यानंतर सगळं लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच. सुरू करण्याआधी फळ्यांवर पेन्सिलने आडव्या रेघा ओढा, जिथं रेघ उरली तिथं खड्डा आहे समजायचं. मशीन एका जागी थांबवू नका आणि जास्त लाकूड घासू नका, वरचा काळा थर गेला की खाली सोनेरी लाकूड दिसते, तिथं थांबायचं. कोपरे हातानं. मास्क लावाच, सागाच्या भुशानं शिंका येतात, काहींच्या अंगावर पुरळ उठते.

फटी गच्च बुजवू नका. हिवाळ्या-उन्हाळ्यात त्या उघडतात, पावसाळ्यात लाकूड फुगलं की भरलेला मसाला बाहेर फेकला जाते. मोठ्या फटीत सागाचीच खपची (पातळ पट्टी) घाला आणि फेविकॉल एकाच बाजूला लावा. खिळ्यांच्या भोकांसाठी घासलेला बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवला की पुरे.

वरून काय लावायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे, रोज वापराच्या माडीला डबल बॉइल्ड जवसाचं तेल. घाण्यावरचं खायचं तेल नाही, ते लवकर सुकत नाही, पेंटच्या दुकानातलं घ्या. पातळ हात मारा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल फडक्यानं पूर्ण पुसून घ्या, पूर्ण सुकल्यावर दुसरा हात, मग तिसरा. चरा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येते. पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) जास्त टिकते पण एकदा उखडलं की सगळंच घासावं लागते, आणि सागवानात स्वतःचं तेल असते म्हणून पीयू लावण्याच्या जरा आधी थिनरनं पुसलं नाही तर ते धरतच नाही. फ्रेंच पॉलिश कपाटाला ठीक, पायाखाली नको, गरम चहाचा कप ठेवला तरी पांढरा डाग पडते.

आणि हे नीट वाचा. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप गरम होऊन पेटतात, काडी लावायची गरज नाही. आपल्याकडे नेमकं याच दिवसात भाव यायची वाट पाहत घराघरात कापूस भरलेला असतो. काम सुरू करण्याआधी कापूस दुसरीकडे हलवा. फडकं वापरून झालं की लगेच पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर बाहेर तारेवर एकेक सुटं पसरवा, कडक झाल्यावरच फेका. मजूर लावले असतील तर त्यांनाही सांगा आणि संध्याकाळी स्वतः जाऊन पाहा.

तेल सुकल्यावर आठवडाभर कोठी, पलंग वर चढवू नका. नंतर रोज झाडू, कधी घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसणं. पाण्याचा थेंब टाकून पाहत जा, तो जिरायला लागला की तेलाचा एक हात द्यायची वेळ झाली.